हे पुस्तक वूस्टरला जायचं आहे: इंग्रजी गद्याच्या एका राजेशाही मोहिमेचं प्रकरण

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात ‘हॅटन २०’ या नावाने नोंदलेलं एक चर्मपत्री हस्तलिखित आहे. त्यातल्या पत्राच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली आहे: ‘हे पुस्तक वूस्टरला जायचं आहे.’ आधी पत्ता, मग मजकूर. दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड वूस्टरच्या वेर्फर्थ बिशपला प्रेमाने आणि स्नेहाने नमस्कार कळवतो आणि लगेच देशातल्या विद्येच्या अवस्थेवर येतो. पत्रामागचं पुस्तक राजाचं नाही. पोप पहिला ग्रेगरी याने इ.स. ५९० च्या सुमारास, धर्माधिकाऱ्याने आपला कळप कसा सांभाळावा हे सांगण्यासाठी लॅटिनमध्ये लिहिलेल्या ग्रंथाचं ते इंग्रजी भाषांतर आहे.

पत्राचा काळ ८९० ते ८९६ असा बांधता येतो. पत्रात प्लेगमंड आर्चबिशप म्हणून येतो आणि तो त्या पदावर ८९० मध्ये बसला. ज्यांना प्रती पोचल्या त्यांच्यात स्विथुल्फ बिशप आहे आणि तो ८९६ च्या सुमारास वारला. इंग्रजीच्या आरंभकाळातलं बरंचसं वाङ्मय निनावी आणि बेवारशी आहे. कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी, काहीच हाती लागत नाही. इथे मात्र लिहिणारा, घेणारा, कारण आणि रवानगी असं सगळं एकाच कागदपत्रात सापडतं. म्हणून अभ्यासाला हेच प्रकरण घेतलं.

राजाला मातृभाषेचा उमाळा आला आणि इंग्रजी वाङ्मय जन्माला आलं, अशी ही गोष्ट सांगायची रीत आहे. मला ती कारभाराची गोष्ट वाटते. कामाला लॅटिन जाणणारी माणसं मिळेनात, म्हणून राजाने कामाची भाषा बदलली. आणि त्या भाषेत नुसती पुस्तकं करून न थांबता त्यांच्या प्रती, त्यांची वाटणी आणि त्यांचे वाचक यांचाही बंदोबस्त केला. गद्य उभं राहिलं ते या बंदोबस्ताच्या जोरावर.

लॅटिन कुठे गेली

७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर समुद्रातून पहिली मोठी धाड पडली. पुढची सत्तर वर्षं बहुतेक वेळा लूट करून परत जायचं असा हिशोब होता. ८६५ मध्ये जे डॅनिश सैन्य उतरलं ते मात्र राहायला आलं होतं. नॉर्थम्ब्रिया, ईस्ट अँग्लिया आणि मर्सिया ही राज्यं दहा-बारा वर्षांत एकामागून एक कोलमडली. ८७८ च्या जानेवारीत डॅनिश सरदार गुथ्रमने वेसेक्समधल्या चिप्पनहॅमवर अचानक झडप घातली आणि आल्फ्रेडला सॉमरसेटच्या दलदलीत, एथेलनीला, दडून बसावं लागलं. त्याच वर्षी मे महिन्यात एडिंग्टनच्या लढाईत त्याने गुथ्रमला हरवलं आणि त्याला बाप्तिस्मा घ्यायला लावला. ८८६ मध्ये लंडन ताब्यात आल्यावर जरा उसंत मिळाली.

मठ जळाला की शाळा, ग्रंथालय आणि नकलाकारांची खोली एकदमच जात असे. पत्रात आल्फ्रेड म्हणतो की हंबर नदीच्या दक्षिणेला आपल्या नित्याच्या प्रार्थनेचा अर्थ इंग्रजीत सांगू शकतील किंवा एखादं लॅटिन पत्र इंग्रजीत उतरवू शकतील अशी माणसं फारच थोडी उरली होती. उत्तरेलाही फार नसावीत. आणि मी गादीवर आलो तेव्हा टेम्सच्या दक्षिणेला तर एकही आठवत नाही.

‘एकही नाही’ हे जरा ताणलेलं आहे. सुधारणा करायला निघालेला कुठलाही राज्यकर्ता आधीची परिस्थिती आहे त्याहून काळी रंगवतो. पण तक्रार हवेतली नव्हती. कँटरबरी म्हणजे इंग्लंडच्या धर्मव्यवस्थेचं पहिलं पीठ, आणि तिथल्या ८७० च्या दशकातल्या जमिनीच्या सनदा आजही पाहायला मिळतात. त्या लिहिणाऱ्याची लॅटिन मोडकी आहे, शब्दांची रूपं चुकलेली आहेत, आणि अक्षरावरून तो म्हातारा होता व त्याला धड दिसतही नव्हतं असं तज्ज्ञांचं मत आहे. मुख्य पिठाला सनद लिहायला याच्याखेरीज माणूस मिळत नसेल, तर आडबाजूच्या मठांची गत काय असेल!

पत्रातली एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. आल्फ्रेड सगळं खापर डॅनिश लोकांवर फोडत नाही. सगळं लुटलं-जाळलं जाण्याआधी चर्चं धनाने आणि ग्रंथांनी भरलेली मी पाहिली आहेत, असं तो म्हणतो, आणि पुढे जोडतो की तेव्हाच्या धर्मसेवकांनाही त्या ग्रंथांचा फारसा उपयोग नव्हता, कारण ते त्यांच्या भाषेत नव्हते. दुखणं जुनं होतं. धाडींनी फक्त ते उघडं पाडलं. इथे तो शिकाऱ्याच्या बोलीत बोलतो: पूर्वजांच्या पावलांचा माग अजून दिसतो, पण त्या मागावर चालायचं कसं ते आम्हाला उमगत नाही.

पाटी कोरी नव्हती

इंग्रजी लिहायची सुरुवात आल्फ्रेडने केली, असं मात्र म्हणता येत नाही. केंटचा राजा एथेलबर्ट याचे कायदे इ.स. ६०० च्या सुमाराचे आणि ते इंग्रजीतच होते. कविता तोंडी होतीच, थोडी लिहूनही ठेवलेली होती. ७३५ मध्ये मृत्युशय्येवर असलेला विद्वान मठवासी बीड योहानाच्या शुभवर्तमानाचं इंग्रजी करत होता असं त्याचा शिष्य सांगतो. ते भाषांतर हरवलं. जमिनीची सनद लॅटिनमध्ये असली तरी चतुःसीमा इंग्रजीत येत, कारण ओढा, वठलेलं झाड आणि जुनी वाट गावकऱ्याच्या शब्दांतच सांगावी लागते. लॅटिन स्तोत्रांच्या ओळींवर बारीक अक्षरात मर्सियाच्या बोलीतला इंग्रजी अर्थ लिहिलेलाही सापडतो.

म्हणजे कायदा, कविता आणि ओळीवरचा अर्थ एवढं होतं. एखादा विचार दहा पानं नेटाने चालवायचा, त्यात शंका काढायची, तिचं निरसन करायचं, पुन्हा मूळ मुद्द्यावर यायचं, हे काम इंग्रजी गद्याने क्वचितच केलं होतं. ते लॅटिनचं होतं.

निर्णय

पत्राचा मधला भाग चक्क युक्तिवाद आहे. पूर्वीच्या ज्ञानी लोकांनी हे ग्रंथ स्वभाषेत का आणले नाहीत? कारण लोक एवढे निष्काळजी होतील असं त्यांच्या मनातही आलं नाही, असं उत्तर तो स्वतःच देतो. मग पूर्वदाखला. धर्मशास्त्र आधी हिब्रूत होतं. ग्रीकांनी ते शिकल्यावर आपल्या भाषेत नेलं, नंतर रोमनांनी आपल्या. मग आपण का नेऊ नये? लॅटिन पवित्र आणि इंग्रजी गावंढळ, ही अडचण त्याने इथे मोडून काढली. लॅटिन बायबल हेच मुळात भाषांतर आहे, एवढं म्हटलं की भाषांतराला पाप म्हणायची सोय राहत नाही.

त्यावर योजना दोन पायऱ्यांची. सगळ्यांनी जाणावी अशी काही निवडक पुस्तकं इंग्रजीत आणायची. आणि स्वतंत्र घराण्यातल्या, ऐपत असलेल्या मुलांना दुसऱ्या कामाजोगे होईपर्यंत इंग्रजी वाचायला शिकवायचं. त्यांतल्या ज्यांना पुढे धर्मपदावर न्यायचं असेल त्यांनाच नंतर लॅटिन.

माझ्या मते प्रकरणाची कळ या क्रमात आहे. एरवी वाचायला शिकणं म्हणजे लॅटिन शिकणंच होतं. आल्फ्रेडने वाचनाला लॅटिनपासून सोडवलं. पुजारी न होणारा जमीनदाराचा मुलगा इंग्रजी वाचून थांबला, तरी त्याचं शिक्षण अर्धवट राहिलं असं कुणी म्हणणार नव्हतं. अशा माणसाला वाचायला काहीतरी लागणार, आणि तेही इंग्रजीत.

माणसं जमवली

आपण हे भाषांतर कधी शब्दाला शब्द, कधी अर्थाला अर्थ असं केलं आणि ते प्लेगमंड आर्चबिशप, ॲसर बिशप, ग्रिमबॉल्ड आणि जॉन हे दोघे पाद्री यांच्याकडून शिकून केलं, असं आल्फ्रेड लिहितो. या चौघांत वेसेक्सचा कुणीही नाही. प्लेगमंड मर्सियाचा, ॲसर वेल्समधल्या सेंट डेव्हिड्सचा, ग्रिमबॉल्ड समुद्रापलीकडच्या सेंट बेर्तँ मठातला, आणि जॉन जर्मन भूमीवरचा सॅक्सन. जॉनला राजाने एथेलनीच्या नव्या मठाचा प्रमुख केलं. तिथल्या काही परदेशी मठवासीयांनी त्याला मारेकरी घालून संपवायचा प्रयत्न केला, असं ॲसर सांगतो. विद्येचं पुनरुज्जीवन म्हणताना जी शांत अभ्यासिका डोळ्यांसमोर येते, ती त्या मठात तरी नव्हती.

खुद्द राजा लॅटिन उशिरा शिकला. ॲसरने ८९३ मध्ये लिहिलेल्या चरित्रानुसार आल्फ्रेड वयाच्या बारा वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे निरक्षर होता, आणि लॅटिन वाचून तिचा अर्थ लावायला त्याने सुरुवात केली ती ८८७ च्या ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता.

पत्र ज्याला लिहिलं त्याचा प्रकार आणखी मजेचा. वेर्फर्थला या भाषांतराची काडीची गरज नव्हती. ग्रेगरीच्याच दुसऱ्या एका ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर राजाच्या सांगण्यावरून त्याने स्वतः केलं होतं. लॅटिन येत नाही म्हणून इंग्रजी पाठवतो, असं लॅटिन पंडितालाच कळवायचं! अर्थात हे खासगी पत्र नव्हतंच. ते परिपत्रक होतं. पुस्तकाला पद्यातलीही एक प्रस्तावना आहे आणि तिच्यात पुस्तक स्वतःच बोलतं: आल्फ्रेडने माझा शब्द न् शब्द इंग्रजीत आणला, मला दक्षिणेला-उत्तरेला आपल्या लेखकांकडे धाडलं, माझ्यासारखी आणखी करवून घेतली, कारण त्याच्या काही बिशपांना लॅटिन फारच कमी येत होती. गद्यात राजा सभ्यपणे बोलतो; पुस्तकाच्या तोंडून मात्र खरं काय ते बाहेर पडतं.

राजकारणही होतं. वूस्टर मर्सियात. तिथला कारभारी एथेलरेड हा आल्फ्रेडचं वर्चस्व मान्य करणारा, त्याच्या मुलीचा नवरा. पत्रात आल्फ्रेड वेसेक्सचं नाव घेत नाही. बोलतो ते सगळ्या इंग्रज लोकांबद्दल. वेगवेगळ्या राज्यांतल्या बिशपांकडे एकच पुस्तक, एकच पत्र, एकाच भाषेत गेलं की ‘आपण सगळे एक’ हे निराळं सांगावं लागत नाही.

प्रती, पत्ते आणि पन्नास मँकस

हस्तलिखितांच्या जमान्यात भाषांतर करणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं कसं झालं याचा माग इथे दुर्मीळ बारकाव्याने लागतो. मुख्यालयात ठेवलेल्या एका प्रतीत बिशपच्या नावाची जागा कोरी सोडलेली होती. म्हणजे साचा आधी तयार, नाव नंतर. त्याच प्रतीवर एक नोंद होती: प्लेगमंड आर्चबिशपला त्याचं पुस्तक पोचलं आहे, स्विथुल्फ बिशपला आणि वेर्फर्थ बिशपलाही. आवक-जावक वहीत शोभावी अशी ही नोंद. ती प्रत १७३१ च्या कॉटन ग्रंथसंग्रहाच्या आगीत आणि पुढे १८६४ च्या आणखी एका आगीत जवळजवळ संपली. नोंद कळते ती १७व्या शतकात फ्रान्सिस्कुस युनियस या विद्वानाने केलेल्या नकलेमुळे. शेरबोर्नच्या आणि लंडनच्या बिशपांच्या नावांची पत्रंही नंतरच्या नकलांतून माहीत आहेत.

प्रत्येक पुस्तकासोबत राजाने एक ‘एस्टेल’ पाठवली, पन्नास मँकस किमतीची. एस्टेल म्हणजे नेमकं काय यावर वाद आहे. वाचताना ओळीवर ठेवायची मूठवाली कांडी हा बहुतेकांना पटलेला अंदाज. किंमत मात्र पक्की मोजता येते. एक मँकस म्हणजे चांदीची ३० नाणी, पन्नास म्हणजे १५००. वेसेक्सच्या कायद्यात साध्या स्वतंत्र शेतकऱ्याच्या खुनाची भरपाई २०० शिलिंग होती, आणि तिथल्या शिलिंगात ५ नाणी, म्हणजे १०००. माणसाच्या जिवाहून दीडपट महाग कांडी! पुस्तकापासून एस्टेल आणि चर्चमधून पुस्तक कुणी हलवू नये अशी ताकीदही पत्रात आहे. बिशपला पुस्तक वाचायचं असो वा नसो, इतकी मोलाची वस्तू तो अडगळीत टाकणार नाही, हे राजाला कळत होतं.

१६९३ मध्ये सॉमरसेटमधल्या नॉर्थ पेदरटनजवळ, एथेलनीपासून काही मैलांवर, सोन्याचा एक दागिना सापडला. तो आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. लांबी सुमारे सहा सेंटिमीटर; स्फटिकाखाली मीनाकामात रंगवलेली माणसाची आकृती; खाली एका पशूचं तोंड आणि त्या तोंडात कांडी बसवायची पोकळ नळी. कडेने कोरीव जाळीत शब्द आहेत: ‘आल्फ्रेड मेक हेह्त येव्युर्कान’, म्हणजे आल्फ्रेडने मला घडवून घेतलं. हीच एस्टेलची मूठ असावी असं बहुतेक जण मानतात. एवढ्या किमती वस्तूवर लॅटिन सोडून इंग्रजी कोरली, याकडे माझं लक्ष दागिन्याच्या कारागिरीपेक्षा जास्त जातं.

वाचायला लावलं

वाचक आपोआप येतील या भरवशावर आल्फ्रेड राहिला नाही. ॲसरच्या चरित्राच्या शेवटी न्यायनिवाडा करणाऱ्या अंमलदारांची हकिकत आहे. चुकीचा निवाडा दिलेल्यांना राजा बोलावून विचारी, आणि अज्ञानाची सबब पुढे आली की सांगे: वाचायला शिका, नाहीतर पद सोडा. पिकल्या केसांची माणसं अक्षरं गिरवायला बसली. ज्यांना वयामुळे जमेना त्यांनी मुलाला, नातेवाइकाला किंवा पदरच्या एखाद्या गुलामाला शिकवून त्याच्याकडून रात्रंदिवस इंग्रजी पुस्तकं वाचून घ्यायची. आपल्याला तरुणपणी शिकायला मिळालं नाही म्हणून ते उसासे टाकत, असंही ॲसर लिहितो. चरित्रकार दरबारी आहे, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चालावं.

गद्य कुठे अडखळलं, कुठे सुटलं

ग्रेगरीचं भाषांतर वाचायला सोपं नाही. लॅटिनची लांब, एकात एक अडकलेली वाक्यं इंग्रजीत आणताना भाषांतरकार धापा टाकतो. कधी एका लॅटिन शब्दाला दोन इंग्रजी शब्द देतो, कधी ‘जेव्हा... तेव्हा’, ‘कारण... म्हणून’ असे आधार लावत वाक्य कसंबसं पैलतीरी नेतो.

याच काळात ओरोसियस या लॅटिन लेखकाच्या जगाच्या इतिहासाचंही इंग्रजी भाषांतर झालं आणि त्यात कुणीतरी मूळ ग्रंथात नसलेला एक मजकूर घातला. ओह्थेरे नावाच्या नॉर्वेच्या दर्यावर्दीने आल्फ्रेड राजाला सांगितलेली हकिकत. आपण नॉर्स लोकांत सगळ्यांच्या उत्तरेला राहतो, असं तो सांगतो. त्याची जनावरं मोजून दिली आहेत: ६०० रेनडिअर, पण गाई, मेंढ्या आणि डुकरं प्रत्येकी २०च. जमीन उत्तरेला कुठवर जाते हे पाहायला तो निघतो. एका जागी किनारा पूर्वेला वळतो, की समुद्रच जमिनीत शिरतो, ते त्याला कळत नाही. एवढंच ठाऊक की तिथे तो अनुकूल वाऱ्यासाठी थांबला. पुढे भेटलेल्या लोकांनी पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण त्यातलं खरं किती ते त्याला माहीत नाही, कारण ते त्याने स्वतः पाहिलं नव्हतं.

हे गद्य अकराशे वर्षांनंतरही ताजं वाटतं. समोर लॅटिन मूळ नाही. आहे ते बोलणाऱ्याचं बोलणं. पाहिलेलं आणि ऐकलेलं यांत फरक करण्याची सावधगिरी तर एखाद्या चांगल्या साक्षीदाराची. या मोहिमेतल्या दोन पानांची निवड करायची झाली तर मी ही दोन पानं उचलेन, ग्रेगरीची नाही.

त्याच सुमारास, ८९२ च्या आसपास, वर्षवार नोंदींची इंग्रजी बखर संकलित होऊन तिच्याही प्रती फिरू लागल्या. तिच्या काही प्रतींत ८८३ सालाखाली आल्फ्रेडने रोमला आणि ‘इंडियात’ संत थॉमस व संत बार्थोलोम्यू यांच्याकडे दान पाठवल्याची नोंद आहे. दूत खरंच आपल्याकडे पोचले की नाही, यावर इतिहासकारांचा काथ्याकूट अजून चालू आहे.

हिशोब

राजाने स्वतः किती लिहिलं? परंपरेने बोएथियस आणि ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंतांचे ग्रंथ आणि बायबलमधली पहिली पन्नास स्तोत्रं यांची भाषांतरंही त्याच्याच नावावर आहेत. गेल्या काही दशकांत त्याने यातलं काहीच लिहिलं नसावं इथपर्यंत मतं गेली आहेत. उलट बाजूनेही जोरदार उत्तरं आली. माझ्या दृष्टीने राजाचा हात कलमावर होता की नाही याने फारसं बिघडत नाही. शिक्का, पैसा आणि हुकूम त्याचा होता.

सगळ्या स्वतंत्र मुलांच्या शाळेचं स्वप्न मात्र कितपत उतरलं, याचा भक्कम पुरावा दिसत नाही. फळ दिसतं ते पुढच्या शतकात. मृत्युपत्रं, राजाज्ञा, कायदे इंग्रजीत येत राहिले. विंचेस्टरला एथेलवोल्ड बिशपच्या शिष्यांनी कोणता शब्द वापरायचा इथपर्यंत भाषा घासूनपुसून घेतली. ९९० च्या दशकात एल्फ्रिक या मठवासीयाने प्रवचनं लिहिली तेव्हा त्याने प्रस्तावनेत आल्फ्रेड राजाने शहाणपणाने भाषांतरित केलेली पुस्तकं उपलब्ध असल्याचं नमूद केलं. त्याचं स्वतःचं गद्य ग्रेगरीच्या भाषांतरकारापेक्षा कितीतरी सफाईदार आहे.

वूस्टरची प्रत वापरात राहिली. ११व्या शतकाच्या सुरुवातीला तिथला बिशप वुल्फस्टान, जो यॉर्कचा आर्चबिशपही होता, त्याच्या हातच्या टिपा तिच्यावर आहेत. १०६६ नंतर नॉर्मन आले आणि बिशप, मठप्रमुख, जमीनदार सगळे बदलले. नव्या कारभाराला इंग्रजी नको होती. त्याच्याकडे लॅटिन जाणणारी माणसं होती. जी गरज आल्फ्रेडला होती तीच उरली नाही. वूस्टरला दुसरा वुल्फस्टान हा इंग्रज बिशप १०९५ पर्यंत टिकून होता. त्याचं चरित्र कोलमन या मठवासीयाने इंग्रजीत लिहिलं. आज ते हरवलं आहे आणि विल्यम ऑफ माम्सबरीने केलेलं लॅटिन भाषांतर तेवढं उरलं आहे.

१३व्या शतकाच्या पूर्वार्धात वूस्टरमध्येच एकाने ही जुनी इंग्रजी पुस्तकं पुन्हा काढली. नाव माहीत नाही. अक्षर कापरं म्हणून अभ्यासक त्याला ‘थरथरता हात’ म्हणतात. सुमारे २० हस्तलिखितांत त्याने हजारो शब्दांवर अर्थ लिहिले, ‘हॅटन २०’ हे त्यातलंच एक. अर्थ बहुतेक लॅटिनमध्ये आहेत. लॅटिन कळत नाही म्हणून इंग्रजीत आणलेलं पुस्तक आता इंग्रजी कळत नाही म्हणून लॅटिनच्या आधाराने वाचलं जात होतं.

आल्फ्रेडचं पत्र छापून आलं ते १५७४ मध्ये. कँटरबरीचा आर्चबिशप मॅथ्यू पार्कर याला रोमशी फारकत घेतलेल्या चर्चसाठी जुने दाखले हवे होते, आणि धर्मग्रंथ देशभाषेत आणा म्हणणारा ९व्या शतकातला राजा याहून सोयीचा साक्षीदार कोण मिळणार? त्याने ॲसरच्या लॅटिन चरित्राला जोडून पत्र प्रसिद्ध केलं, ओळींमध्ये त्याच्या काळच्या इंग्रजीत अर्थ देऊन. ॲसरचं लॅटिनसुद्धा त्याने मुद्दाम पाडून घेतलेल्या जुन्या इंग्रजी वळणाच्या खिळ्यांनी छापलं. वाचकाच्या डोळ्यांना निदान अक्षरांची सवय व्हावी हाही त्यात हेतू होता.